ठाण्यात बुके पाठवायचा तर फोटोवरून मागवू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे. बंगळुरूला राहणाऱ्या एका बाईंचे आई-बाबा घोडबंदर रोडला, पातलीपाड्याला राहतात. गेल्या वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला त्यांनी एका वेबसाइटवरून लाल गुलाब आणि लिलीचा बुके मागवला. सकाळी 10 वाजता यायचा तो दुपारी अडीचला आला, लिलीच्या जागी कार्नेशन निघाले, गुलाबांच्या कडा काळ्या होत्या. आईंनी तो होता तसाच फ्लॉवरपॉटमध्ये ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या गुलाबांनी माना टाकल्या. यंदा लग्नाला 40 वर्षं होतायत, तारीख मार्गशीर्षातल्या गुरुवारी येतेय, आणि घरात आईंची महालक्ष्मीची पूजाही आहे. बुकेत लिली यंदाही हवीच आहे. काय चुकलं, आणि यंदा कसं मागवू?

माझं नौपाड्यात फुलांचं दुकान आहे, 22 वर्षं झाली. त्याआधी वडिलांचा जांभळी नाक्यावर हार-गजऱ्यांचा गाळा होता, त्यामुळे शाळेच्या वयापासून हात फुलातच आहेत. म्हणून जरा मोकळेपणाने लिहिते.

आधी माना टाकण्याचं बघू, कारण त्यात वेबसाइटचा दोष बहुतेक नसावा. बुके बांधून झाला की काड्यांच्या टोकांना ओला कापूस लावून त्यावर प्लॅस्टिकची छोटी पिशवी रबराने आवळतात. वरून रॅपर आणि रिबन आली की ती पिशवी दिसतच नाही. घरी आलेला बुके लोक कौतुकाने उचलतात आणि तसाच पाण्यात उभा करतात. भांड्यात पाणी गळ्यापर्यंत असतं, पण काड्या पिशवीत कोरड्याच. मी स्वतः एका गिऱ्हाइकाच्या घरी हे बघितलंय. तक्रार आली म्हणून गेले, बुके उचलला, रिबन सोडली, तर खाली पिशवीतला कापूस पापडासारखा वाळलेला. बाई म्हणाल्या, "अहो, मी रोज पाणी बदलत होते!" तेव्हापासून आमच्या प्रत्येक बुकेला एक चिठ्ठी असते: आधी खालची पिशवी काढा. तुमच्या आईंकडेही असंच झालं असेल, असं माझा अनुभव सांगतो.

काळ्या कडांचं दोन प्रकारचं असतं. डच गुलाबाच्या, म्हणजे बुकेत असतो त्या लांब काडीच्या गुलाबाच्या, अगदी बाहेरच्या दोन-तीन पाकळ्या मुळातच जाड, हिरवट-काळपट असतात. आतल्या कळीला सांभाळायला त्या असतात आणि चांगला कारागीर बांधताना त्या सोलून टाकतो. त्या राहिल्या म्हणून फूल शिळं होत नाही. पण पाकळ्यांवर चहाचे शिंतोडे उडाल्यासारखे तपकिरी ठिपके असतील, तर ती बुरशी. फ्रिजमधून काढलेल्या फुलांना घाम सुटतो, तशाच ओलसर फुलांना प्लॅस्टिकचं रॅपर गुंडाळलं आणि डिलिव्हरीच्या पेटीत चार तास ठेवलं की ती हमखास धरते. दहाचा बुके अडीचला आला, म्हणजे तुमच्या बाबतीत हेही झालेलं असू शकतं.

आता लिलीचे कार्नेशन का झाले ते सांगते.

मोठ्या साइटवर तुम्ही जो फोटो बघता तो बुके कुणाच्याही दुकानात बांधून ठेवलेला नसतो. फोटो एकदाच कुठेतरी काढलेला, ऑर्डर येते ती पिनकोडवरून जवळच्या एखाद्या दुकानाकडे जाते. पद्धत तशी जुनीच आहे. 1910 साली अमेरिकेतल्या काही फूलवाल्यांनी एकत्र येऊन तारेने एकमेकांना ऑर्डरी कळवायला सुरुवात केली, त्यातूनच हे सगळं वाढलं. पण तिथे दुकानदार दुकानदाराला कळवत होता. आज मध्ये जो बसलाय त्याने फूल हातात धरलेलं नसतं, त्याचा वाटा मात्र तुमच्या पैशातून आधी निघतो. उरलेल्या रकमेत फोटोसारखा बुके बसवायचा ही आमची कसरत. लिली महाग, मग ती गळते. कार्नेशन टिकाऊ, बादलीत आठवडाभर असतो, मग तो येतो. साइटच्या अटींमध्ये "उपलब्धतेनुसार बदल" असं लिहिलेलंच असतं, म्हणजे भांडायलाही जागा नाही. मीही पूर्वी अशा ऑर्डरी घेत होते. फोटो बघून गिऱ्हाइकाची काय अपेक्षा असेल ते कळायचं आणि हातात येणाऱ्या पैशात ती पुरी होणार नाही हेही कळायचं. शेवटी बंद केल्या.

म्हणून माझा पहिला सल्ला: आई-बाबांच्या घरापासून दोन-तीन किलोमीटरच्या आतलं दुकान शोधा आणि थेट फोन करा. माझ्या नौपाड्यातून तुमच्याकडे बुके येईल, पण तीन हात नाका, माजिवडा, कापूरबावडी असं करत घोडबंदर रोडला लागायचं म्हणजे काय, हे तुमच्या बाबांना विचारा. मेट्रोची कामं सुरू झाल्यापासून तर मी तिकडची वेळ कबूलच करत नाही. मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ या पट्ट्यात आता बरी दुकानं आहेत. हे लिहून मी माझीच एक ऑर्डर घालवतेय, पण हरकत नाही.

फोनवर काय विचारायचं? "लाल गुलाब आहेत का?" असं विचारू नका, त्याला कोणीही हो म्हणेल. "आज माल कसा आलाय?" असं विचारा. "सगळं आहे मॅडम, फोटो पाठवा, सेम टू सेम करतो" असं उत्तर आलं तर दुसरीकडे फोन लावा. "लाल जरा उघडलेला आलाय, पण पीच आणि पिवळा एकदम कडक आहे" असं कोणी म्हणालं, तर तो माणूस बादलीकडे बघून बोलतोय. त्याला बजेट सांगा, रंग सांगा, कोणासाठी आहे ते सांगा आणि फुलं त्याच्यावर सोडा. त्याला हात मोकळा दिलात तर तेवढ्याच पैशात तो त्या दिवशीचा सर्वांत चांगला माल घालेल. फोटोला बांधून घातलंत तर फोटोतलं फूल कसंही असो, तेच घालेल.

एक धंद्यातली गोष्ट सांगते, जी सहसा कोणी सांगत नाही. आमच्याकडे डच गुलाबाची गड्डी येते 20 काड्यांची. जरबेराची 10 फुलांची. लोक मात्र गुलाब मागतात डझनाच्या हिशोबात. म्हणजे गड्डी फोडली, 12 गेले, 8 उरले. उद्याच्या डझनात ते 8 आणि नव्या गड्डीतले 4. बुके समोर ठेवून बघा, काही फुलं उघडलेली आणि काही घट्ट दिसतात त्यातल्या बऱ्याच वेळा हेच कारण. त्यामुळे गुलाबच हवे असतील तर 20 मागा, आणि "एकाच गड्डीतले द्या" असं म्हणा. हे वाक्य ऐकलं की दुकानदार जरा सावध होतो. बजेट कमी असेल तर 10 जरबेरा किंवा 10 गुलाब आणि बाकी शेवंती, डेझी, हिरवं. ते 12 गुलाबांपेक्षा भरलेलंही दिसतं.

ताजेपणाबद्दलही एक गैरसमज आहे. लोक म्हणतात, "आजचीच फुलं पाहिजेत." मुंबई-ठाण्याकडे येणारा डच गुलाब बराचसा मावळातल्या, तळेगावच्या बाजूच्या पॉलिहाऊसमधून येतो. काढणीनंतर गड्ड्या बांधून, कागदात गुंडाळून रात्रीच्या गाडीने निघतो. पहाटे दादरच्या मंडईत किंवा थेट आमच्याकडे पोचतो तेव्हा तो तहानलेला असतो. त्याला लगेच बांधलं तर दिसायला ताजा, पण संध्याकाळपर्यंत मान खाली. आम्ही आल्या आल्या काडी खालून दोन-तीन सेंटिमीटर तिरकी कापतो, खालची पानं काढतो आणि स्वच्छ पाण्याच्या बादलीत निदान तीन-चार तास उभा करतो. कापलेल्या टोकातून काडीत हवा शिरलेली असते, ती पाण्याची वाट अडवते, म्हणून ही कापणी. पाणी पिऊन टणक झालेला कालचा गुलाब हा धावतपळत आलेल्या आजच्या गुलाबापेक्षा चार दिवस जास्त टिकतो. सकाळी 9 ची डिलिव्हरी मागणाऱ्याला आम्ही देतो ती आदल्या दिवशीचीच फुलं असतात, आणि त्यात काही वाईट नाही.

पारखायचं तर पाकळ्यांकडे बघू नका. फुलाच्या बुडाशी, जिथे पाकळ्या देठाला चिकटतात तिथे, अंगठा आणि बोटाने हलकेच दाबा. कच्च्या पेरूसारखं घट्ट लागलं तर माल चांगला. मऊ लागलं तर वरून कितीही सुंदर असो, उद्याचा दिवस निघणार नाही. काही जण घट्ट कळी फुंकून, पाकळ्या बाहेर वळवून फूल मोठं दाखवतात. समारंभात स्टेजवर दोन तास ठेवायचं असेल तर ठीक आहे, घरी पाठवायला नको. तुम्ही बंगळुरूहून दाबून बघू शकत नाही, पण निघण्यापूर्वी बांधलेल्या बुकेचा फोटो दुकानाबाहेर उजेडात काढून पाठवा, एवढं सांगू शकता. ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोत डाग लपतात.

आणि निळा गुलाब हा रंगवलेला असतो, गडद निळा ऑर्किडही बहुतेक वेळा. कुणी काही सांगो.

आता तुमचा गुरुवार. मार्गशीर्षातला गुरुवार म्हणजे आमच्याकडे पहाटेपासून रांग. वेणी, सुटी शेवंती, पाच प्रकारची पत्री, कमळ, हार. दुकानातले सगळे हात त्याच कामात असतात आणि भावही चढलेले. दसऱ्याला झेंडू-तोरणांमुळे आणि व्हॅलेंटाइनला गुलाबांमुळे जे होतं तेच. अशा दिवशी सकाळी बुकेची ऑर्डर म्हणजे कोपऱ्यातला पोरगा घाईने बांधणार. दोन रस्ते आहेत. एक, बुधवारी संध्याकाळी 7-8 वाजता बुके घरी पोचवा. फुलं निवांत बांधली जातील, आई-बाबांना रात्री 12 वाजता फोन करणारच असाल तर तेव्हा ती समोर असतील. दोन, गुरुवारीच हवा असेल तर दुपारी 12 ते 3 मधली वेळ घ्या. सकाळची गर्दी ओसरलेली असते, घोडबंदर रोडही त्या वेळी जरा मोकळा असतो. मी असते तर बुधवार घेतला असता. ऑर्डर मात्र आठवडाभर आधी द्या आणि मंगळवारी एक आठवणीचा फोन करा. वहीत लिहिलेली ऑर्डर विसरली जाते, हे मी माझ्याच वहीवरून सांगते.

वेळ सांगताना "सकाळी" म्हणू नका. "11 ते 12" म्हणा. आणि घरी कोणीतरी असेल याची खात्री करा, सरप्राइजच्या नादात लोक हेच विसरतात. गेटवरचा गार्ड ॲपवर परवानगी मागतो, आई-बाबा अनोळखी म्हणून नाकारतात, आणि बुके केबिनच्या खिडकीत उन्हात दोन तास. शेजारच्या एखाद्या काकूंना आधी सांगून ठेवा, सरप्राइजही टिकेल.

पत्ता पूर्ण लिहा: सोसायटीचं नाव, विंग, फ्लॅट, जवळची खूण. ठाण्यात एकाच बिल्डरची सारख्या नावाची दोन कॉम्प्लेक्स असतात. नवी मुंबईत तर आणखी गंमत. आमच्याकडून एकदा नवी मुंबईला साखरपुड्याचा बुके गेला. पत्ता होता "सेक्टर 15", आणि मागवणाऱ्याच्या डोक्यात खारघर होतं. आमचा मुलगा नवा होता, तो बेलापूरच्या सेक्टर 15 मध्ये पोचला आणि बिल्डिंग शोधत फिरत राहिला. वाशीतही सेक्टर 15 आहे, ऐरोलीतही आहे. बुके पोचला तेव्हा अंगठ्या घालून झाल्या होत्या, पैसे मी परत केले. तेव्हापासून नवी मुंबईची ऑर्डर आली की आधी नोडचं, म्हणजे वाशी, खारघर अशा भागाचं नाव, मग सेक्टर, असं फोनवर दोनदा बोलून घेते.

फुलं कोणती पाठवायची, हा खरा आवडीचा भाग. तुम्ही पुन्हा लिली म्हणालात. लिली पाठवायची तर घट्ट कळ्यांची घ्या, पण कळीवर रंग दिसायला लागलेला हवा. पूर्ण हिरवी कळी कधी कधी उमलतच नाही. रंग आलेली दोन-तीन दिवसांत एकेक करत उघडते, म्हणजे आई-बाबांना रोज नवं फूल. उघडलं की आतले तपकिरी परागकोष टिश्यूने धरून लगेच काढायला सांगा. सुरुवातीच्या वर्षांत मी एका सत्कारासाठी उमललेल्या लिलीचा बुके दिला, पराग न काढता. बाईंनी तो कौतुकाने छातीशी धरला आणि मोतिया रंगाच्या पैठणीवर केशरी पट्टा उठला. त्यावर कोणीतरी ओला रुमाल फिरवला, मग तर तो बसलाच. पराग कपड्यावर पडलाच तर पाणी लावायचं नाही, चिकटपट्टीने टिपून घ्यायचा. आणि घरात मांजर असेल तर लिली अजिबात नको. तिचा पराग, पान, अगदी भांड्यातलं पाणीसुद्धा मांजराच्या मूत्रपिंडांना घातक असतं.

तुमच्या आईंच्या वयाच्या बायकांचं मला एक ठाऊक आहे. बुके हातात घेतल्यावर "छान आहे गं" म्हणतात आणि मनात हिशोब करतात, एवढ्या पैशात देवाला महिनाभर फुलं आली असती. नेरूळच्या एक आजी तर नातवाने पाठवलेला बुके उलगडून त्यातला निशिगंध आणि शेवंती देवाला वाहायच्या आणि जरबेरा तेवढे फुलदाणीत ठेवायच्या. तिथूनच मला सुचलं. साठीच्या पुढच्या जोडप्यासाठी बुके असेल तर मी थोडा लहान बांधते आणि वाचलेल्या पैशात सोबत एक वेणी आणि सुटी फुलं वेगळ्या पुडीत देते. तुम्हीही मागून बघा. डिसेंबरच्या थंडीत मोगरा महाग आणि कळी बारीक, त्याचा हट्ट नको. शेवंतीची वेणी किंवा अबोलीचा गजरा सांगा. पूजेच्या दिवशी ती पुडी बुकेपेक्षा आधी उघडली जाईल. नुसते पांढरे बुके मात्र टाळा. तुम्हाला ते नाजूक वाटतात, जुन्या माणसांना पुष्पचक्र आठवतं.

एवढं सगळं एका मेसेजमध्ये बसतं. दुकानदाराला असं लिहा: "बुधवारी संध्याकाळी 7 ते 8, पातलीपाडा. आई-बाबांच्या लग्नाला 40 वर्षं. पीच आणि पिवळा, त्या दिवशी जे चांगलं असेल ते. गुलाब असतील तर एकाच गड्डीतले. लिली दोन काड्या, रंग आलेल्या कळ्या. कागदाचं रॅपर, प्लॅस्टिक नको. सोबत शेवंतीची वेणी आणि सुटी फुलं वेगळी. निघताना बाहेर उजेडात फोटो." उजेडासाठी संध्याकाळ म्हणजे पंचाईत, हे लक्षात आलं असेल. त्याला म्हणावं, पाचला बांध, फोटो काढ, पाण्यात ठेव, मग पाठव.

बुके घरी पोचला की आईंना फोनवर असं करायला सांगा. रॅपर आणि खालची पिशवी काढायची. मधली दोरी राहू दे, आकार तिनेच धरलेला असतो. काड्या धारदार सुरीने बोटाच्या पेराएवढ्या तिरक्या कापायच्या, कात्रीने चेचल्या जातात. पाण्यात बुडणारी पानं काढायची. जरबेरा जास्त असतील तर पाणी चार बोटंच, त्याची पोकळ काडी जास्त पाण्यात सडते. एक लिटर पाण्यात चमचाभर साखर, दोन चमचे लिंबाचा रस आणि ब्लीचचे दोन-चार थेंब. ब्लीच नसेल तर साखरही नको, नुसती साखर जंतूंनाच पोसते. त्यापेक्षा रोज साधं पाणी बदललेलं बरं. ॲस्पिरिन, तांब्याचं नाणं वगैरे सगळं मी करून बघितलंय, मला तरी फरक दिसला नाही. बुके टोपलीतला असेल तर आत हिरवा स्पंज असतो, त्यातल्या काड्या उपटायच्या नाहीत, वरूनच रोज अर्धा पेला पाणी ओतायचं.

आणि जागा. गुरुवारच्या पूजेला पाच फळं मांडली जातील, त्यात केळी असतीलच, आणि घरातल्या सगळ्यांना वाटेल की बुकेही देवीजवळ शोभून दिसेल. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो आणि त्याने फुलं लवकर म्हातारी होतात. कार्नेशन तर एका रात्रीत मिटून झोपतात. बुके तेवढी रात्र दुसऱ्या खोलीत, पंख्याच्या झोतापासून बाजूला ठेवा. शुक्रवारी सकाळी उत्तरपूजा होऊन फळं हलली की हॉलमध्ये आणायला हरकत नाही.